अमेरिकेचे इमिग्रेशन खाते जुने रेकॉर्ड देत नाही. फोयाखाली (तिकडच्या माहिती अधिकार कायद्याखाली) दावा लावावा का?

वंशवेल

नमस्कार मंडळी. प्रश्न अमेरिकेतल्या रेकॉर्डबद्दल आहे, पण इथे फोया कोळून प्यायलेले लोक आहेत म्हणून विचारतो.

आमच्या अभ्यासमंडळाने यूएससीआयएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या नागरिकत्व व इमिग्रेशन खात्याकडे, फोयाखाली दोन अर्ज केले आहेत.

पहिला अर्ज एका दिवंगत व्यक्तीच्या ए-फाइलसाठी, म्हणजे परदेशातून आलेल्या माणसाच्या इमिग्रेशन फाइलसाठी. जन्म १९०९, अमेरिकेत प्रवेश १९४७, कॅलिफोर्नियात नागरिकत्व १९५३. चार महिन्यांनी उत्तर आले, 'रेकॉर्ड सापडले नाही'. त्या पत्राला आज ४९ दिवस झाले.

दुसरा अर्ज १९०६ ते १९५६ या काळातल्या नागरिकत्वाच्या फाइलींच्या, म्हणजे सी-फाइलींच्या, संपूर्ण नामसूचीसाठी. पोच मिळाली, मग 'असाधारण परिस्थिती'मुळे १० दिवसांची मुदतवाढ घेतल्याचे पत्र आले. त्यानंतर सात महिने काहीच नाही.

दोन्ही अर्जांत अर्जदार म्हणून मंडळाचे नाव आहे, खाली सही माझी. मी भारतात राहतो. थेट कोर्टात जाता येईल का? वकिलाशिवाय जमेल का? खर्च किती, आणि घोडं नेमकं कुठे अडतं?

दप्तरदार

दोन अर्ज म्हणजे दोन वेगळी प्रकरणे आहेत. एकाच दाव्यात कोंबू नका.

आधी ए-फाइलचे बघू. या व्यक्तीच्या बाबतीत 'सापडले नाही' हे उत्तर बहुधा खरे आहे. ए-फाइली सुरू झाल्या १ एप्रिल १९४४ला. सी-फाइली चालल्या २७ सप्टेंबर १९०६ ते ३१ मार्च १९५६. या दोन्हींच्या मधल्या काळात, म्हणजे १ एप्रिल १९४४ ते ३१ मार्च १९५६मध्ये, ज्याला नागरिकत्व मिळाले त्याच्या ए-फाइलमधले कागद काढून सी-फाइलमध्ये घातले जात. तुमचा माणूस १९५३चा. मग ए-फाइल मागितली तर रिकामे हातच मिळणार. इथे दावा लावला तर खाते शोधाचे प्रतिज्ञापत्र दाखल करेल आणि जिंकेल, आणि हवी ती फाइल तिथेच पडून राहील.

सी-फाइल मागा. त्यासाठी यूएससीआयएसचा वंशावळ कार्यक्रम आहे, २००८ पासून चालू. १ एप्रिल २०२४ पासूनच्या दराने सूचीतला शोध ऑनलाइन ३० डॉलर, कागदी ८०. प्रत्यक्ष फाइलची प्रतही ऑनलाइन ३०, कागदी ८०. सर्टिफिकेटचा नंबर हाती असेल तर सूचीतल्या शोधाचे पैसे वाचतात, कारण तोच सी-फाइलचा नंबर असतो. जन्म १९०९चा असल्यामुळे मृत्यूचा दाखला लागणार नाही. शंभर वर्षांपूर्वी जन्मलेली व्यक्ती मृत आहे असे खाते धरून चालते. त्यानंतरचा जन्म असेल तर मृत्यूचा दाखला, वर्तमानपत्रातली निधनवार्ता किंवा थडग्याच्या दगडाचा फोटो जोडावा लागतो.

एक स्वस्त वाटही आहे. त्या काळी नागरिकत्व कोर्ट देत असे आणि त्याची दुसरी प्रत इमिग्रेशन खात्याकडे जाई. म्हणजे मूळ अर्ज कोर्टाच्या दप्तरात आहे. फेडरल कोर्टांची जुनी दप्तरे बहुतेक नॅशनल आर्काइव्हज या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या विभागीय कार्यालयांत गेली आहेत. तिथून अर्ज मिळाला की सर्टिफिकेटचा नंबर बहुधा त्यावरच सापडतो.

आणि शंभर वर्षे पूर्ण झालेल्यांच्या ए-फाइली टप्प्याटप्प्याने नॅशनल आर्काइव्हजच्या कॅन्सस सिटी आणि सॅन ब्रुनो इथल्या कार्यालयांकडे जातात. तिकडे गेलेली फाइल यूएससीआयएसकडे मागितली तर 'नाही' हेच उत्तर येणार, आणि ते खोटेही नसणार. आर्काइव्हजचा कॅटलॉग नावाने शोधायला पाच मिनिटे लागतात. दाव्याआधी ती पाच मिनिटे घालवाच.

कलम५५२

दप्तरदार यांच्याशी सहमत. पण अपीलाची मुदत हातची जाऊ देऊ नका.

बऱ्याच जणांचा समज असा, की खात्याने २० कामकाजाच्या दिवसांत उत्तर दिले नाही म्हणजे कोर्टाचा दरवाजा कायमचा उघडला. तसे नाही. मुदत उलटल्यावर, उत्तर येण्याआधी तुम्ही दावा लावलात तर अपीलाची पायरी गाळता येते. पण उत्तर उशिरा का होईना, दावा लावण्याआधी आले आणि त्यात अपीलाचा हक्क सांगितलेला असला, तर आधी अपील करावेच लागते. डीसी सर्किटचा, म्हणजे वॉशिंग्टनमधल्या फेडरल अपील कोर्टाचा, १९९०चा ओगल्सबी खटल्यातला निकाल यासाठीच सगळीकडे दाखवला जातो. तुमच्या पहिल्या अर्जाचे उत्तर चार महिन्यांनी आले, पण आले. म्हणून थेट दावा नाही.

अपीलाला पत्राच्या तारखेपासून निदान ९० दिवस द्यावे लागतात. शनिवार-रविवार वगळून जास्त दिवस निघतील अशा भरवशावर राहू नका, सरळ कॅलेंडरचे ९० धरा. म्हणजे तुमचे ४१ उरले. एक पानी अपील पुरते: अर्जाचा नंबर, पत्राची तारीख, 'सी-फाइल व मायक्रोफिल्म सूची यांत शोध घेतला का, कोणत्या नावाने व कोणत्या स्पेलिंगने घेतला हे सांगावे, नसेल तर घ्यावा' एवढे. त्यावर निर्णयाला पुन्हा २० कामकाजाचे दिवस. निर्णय आला नाही तर मग कोर्ट मोकळे.

दुसऱ्या अर्जाला २० अधिक १० कामकाजाचे दिवस केव्हाच उलटले. 'आम्ही काम करतोय' असे पोचपत्र म्हणजे निर्णय नव्हे. २०१३मध्ये डीसी सर्किटने फेडरल इलेक्शन कमिशनविरुद्धच्या खटल्यात सांगितले आहे, की खात्याने मुदतीत कागद गोळा करून, तपासून, काय देणार, काय नाही आणि का, हे कळवले पाहिजे आणि अपीलाचा हक्कही सांगितला पाहिजे. तेव्हा इथे दावा उभा राहतो. फक्त दाखल करण्याच्या दिवशी सकाळी पोर्टल उघडून 'प्रलंबित' स्थितीचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. आदल्या रात्री उत्तर येऊन पडले असेल तर पुन्हा अपीलाच्या रांगेत.

आणखी एक बघा. मध्ये कधी 'अर्ज अपूर्ण आहे, अमुक माहिती पाठवा' असे पत्र आले होते का? आले असेल आणि उत्तर दिले नसेल, तर खाते म्हणणार की घड्याळ सुरूच झाले नाही, किंवा अर्ज बंद झाला. स्पॅम फोल्डर तपासा, गंमत नाही.

मोडीवाचक

दुसऱ्या अर्जातली भाषा इथे दिलीत तर बरे. 'संपूर्ण नामसूची' एवढेच लिहिले असेल तर दाव्याआधीच पाय अडकलाय.

फोयात मागणी अशी हवी, की त्या खात्याच्या माहीतगार कर्मचाऱ्याला वाजवी कष्टात रेकॉर्ड ओळखता यावे. प्रश्नांची उत्तरे मागता येत नाहीत, नवा दस्तऐवज तयार करून मागता येत नाही. 'भारतातून आलेल्या सर्वांची यादी द्या' ही मागणी इथेच मरते. सूची नावाने लावलेली असेल तर देशाप्रमाणे निवडायला प्रत्येक कार्ड वाचावे लागेल, आणि कोर्ट त्याला अवाजवी बोजा म्हणेल. उलट 'सूचीच्या मायक्रोफिल्मची रीळ क्र. अमुक ते तमुक, पूर्ण, आहे त्या स्वरूपात' ही मागणी कितीही मोठी असली तरी स्पष्ट आहे. निवड आपण घरी करू.

रिळांचे नंबर कसे कळणार? आधी एक छोटा अर्ज करा: 'नागरिकत्व-सूचीच्या मायक्रोफिल्म रिळांची यादी, खोक्यांची यादी, त्यांचे डिजिटल रूपांतर झाले असल्यास त्याचा करार आणि फाइलनावांची यादी'. यात कुणाचे खासगी काही नाही, पाने मोजकी, नाकारायला कारण सापडत नाही. हाती आले की मोठा अर्ज बाणासारखा लागतो. घाई करून उलटे केलेले बरेच अर्ज पाहण्यात आहेत.

माहिती रोखायला फोयात जे अपवाद आहेत, त्यांतला खासगीपणाचा अपवाद क्र. ६ खाते सूचीला लावणारच. १९५६पर्यंतच्या सूचीत आज हयात असलेली माणसे असू शकतात. म्हणून अर्जातच वाट ठेवा: 'ज्यांची जन्मतारीख शंभर वर्षांपूर्वीची आहे किंवा नागरिकत्व १९४०पूर्वी प्रौढ म्हणून मिळाले आहे, त्यांच्या नोंदी आधी द्याव्यात'. रिळे वर्षवार नसतील तर हे जमणार नाही, पण निदान खात्याला सरसकट नकार देता येणार नाही. वेगळा करता येण्याजोगा भाग देण्याचे बंधन कायद्यातच आहे.

आपल्या नावांबद्दल: मधले नाव वडिलांचे असल्याने सूचीत ते आडनाव म्हणून लागलेले असू शकते. आडनाव, पहिले नाव, वडिलांचे नाव, तिन्हींखाली शोध मागा. स्पेलिंगचे पाच-सहा पर्याय द्या. आणि वंशाच्या रकान्यात 'हिंदू' दिसले तर धर्म समजू नका. १९२० ते १९४०च्या अमेरिकन जनगणनेत सगळ्याच भारतीयांना तो शिक्का होता, शिखांनाही.

भारतीय माणूस नागरिकत्वासाठी 'गोरा' धरता येत नाही, या १९२३च्या सुप्रीम कोर्टाच्या भगतसिंग थिंद निकालानंतर भारतीयांना नागरिकत्वाचा रस्ता बंद झाला आणि लूस-सेलर कायद्याने १९४६ला उघडला, वर्षाला शंभर जणांचा कोटा ठेवून. म्हणजे तुमच्या कामाच्या नोंदी मुख्यतः १९२३पूर्वीच्या आणि १९४६नंतरच्या. मधल्या वर्षांच्या रिळांवर भांडण वाढवण्यात अर्थ कमी.

वंशवेल

खूपच उपयोगी. अपील याच आठवड्यात पाठवतो. दुसऱ्या अर्जाची भाषा दुर्दैवाने 'संपूर्ण नामसूची' हीच आहे. आणि अर्जदार मंडळ असल्याने काही अडचण?

कलम५५२

अडचण आहे, आणि मोठी. दावा तोच लावू शकतो ज्याचे नाव अर्जावर आहे. अर्ज मंडळाचा, तर वादी मंडळ. संस्था फेडरल कोर्टात स्वतः उभी राहू शकत नाही, वकीलच लागतो. तुम्ही अध्यक्ष असा की सचिव, चालत नाही. तुम्ही स्वतःच्या नावाने दावा लावलात तर सरकारी वकील पहिल्याच अर्जात 'हा अर्जदारच नाही' म्हणून दावा उडवायला सांगेल. अमेरिकेतल्या मित्राला मुखत्यारपत्र देऊनही भागत नाही. वकील नसलेला माणूस दुसऱ्याच्या वतीने कोर्टात बोलू शकत नाही.

उपाय सोपा आहे. मोडीवाचक म्हणतात तसा नवा, नेमका अर्ज तुमच्या वैयक्तिक नावाने करा. फोयाला नागरिकत्वाची अट नाही, कोणीही व्यक्ती अर्ज करू शकते आणि दावाही. सात महिने फुकट गेले असे वाटेल, पण मोघम मागणीवर दावा लावून वर्षभराने 'वाजवी वर्णन नाही' ऐकण्यापेक्षा तीस कामकाजाचे दिवस परवडले.

शुल्काचा वर्ग 'इतर' येईल असे धरा: पहिले दोन तास शोध आणि पहिली १०० पाने फुकट. किती डॉलरपर्यंत द्यायला तयार आहात तो आकडा लिहाच, नाहीतर शुल्काच्या खुलाशासाठी घड्याळ थांबवतात. शुल्कमाफी मागायची असेल तर ही माहिती लोकांपर्यंत कशी पोचवणार ते चार ओळींत ठोसपणे लिहा. 'संशोधनासाठी' एवढ्याने माफी मिळत नाही.

आरटीआयकर

कोर्टाआधी माहिती आयुक्तांसारखे कोणी नाही का तिकडे?

दप्तरदार

नाही. नॅशनल आर्काइव्हजमध्ये ओजीआयएस नावाचे मध्यस्थी कार्यालय आहे, पण ते आदेश देऊ शकत नाही. त्यांच्याकडे गेल्याने अपीलाची मुदत थांबतही नाही. आपल्या आरटीआयमध्ये अधिकाऱ्याला असतो तसा रोजच्या २५० रुपयांसारखा दंडही तिकडे नाही. हुकूम देणारे एकच, फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्ट.

वंशवेल

समजा नव्या अर्जाचीही मुदत उलटली. मग दाव्याची पायरी-पायरी सांगाल का? भारतातून, वकिलाशिवाय.

कलम५५२

कोर्ट कोणते: वादी राहतो तिथले, त्याचा मुख्य व्यवसाय जिथे तिथले, रेकॉर्ड आहे तिथले, किंवा वॉशिंग्टन डीसीचे. पहिले दोन तुम्हाला लागू नाहीत. डीसी घ्या, फोयाचे दावे तिथल्या न्यायाधीशांच्या रोजच्या पानातले आहेत.

प्रतिवादी खाते असते, अधिकारी नव्हे. यूएससीआयएस आणि त्याचे वरचे होमलँड सिक्युरिटी खाते, दोन्ही लिहा. काही जण म्हणतात एक पुरे, पण दोन लिहिल्याने तोटा नाही.

दाव्याचा मसुदा सहा-सात पानांचा असावा. अधिकारक्षेत्र (५ यू.एस.सी. ५५२ मधले (ए)(४)(बी)), पक्षकार, मग घटनाक्रम: प्रत्येक परिच्छेदात एक तारीख, एक घटना, एक जोडपत्र. शेवटी मागणी: शोध घ्या, ठराविक तारखेपर्यंत द्या, रोखलेल्या पानांची कारणांसह यादी द्या, खर्च द्या. खात्याच्या ढिलाईवर निबंध लिहू नका, न्यायाधीश वाचत नाहीत. जोडपत्रांतले जन्मतारखेचे फक्त वर्ष आणि सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे ठेवून बाकी झाका. कोर्टाचे दप्तर सार्वजनिक असते. ए-नंबरही, म्हणजे ए-फाइलचा क्रमांकही, झाकलेला बरा.

सोबत जेएस-४४ हे मुखपत्र, त्यात प्रकार क्र. ८९५ (फोयाचे दावे), आणि एओ-४४० समन्स: प्रत्येक प्रतिवादी खात्यासाठी एक, अॅटर्नी जनरलसाठी एक, डीसीच्या यूएस अॅटर्नीसाठी, म्हणजे तिथल्या सरकारी वकिलासाठी, एक. फी ४०५ डॉलर. फी परवडत नसेल तर माफीचा अर्ज करता येतो. तो मंजूर झाला की समन्सची बजावणी मार्शल करतात.

बजावणीतच सगळ्यात जास्त दावे गडगडतात. खात्याला पाठवले आणि यूएस अॅटर्नीला विसरले, की बजावणी अपुरी. रजिस्टर्ड किंवा सर्टिफाइड टपाल लागते, आणि पाठवणारा वादी स्वतः नको, अठरा वर्षांवरचा तिऱ्हाईत हवा. इथे तो अमेरिकेतला मित्र उपयोगी पडतो. दावा दाखल झाल्यापासून ९० दिवसांच्या आत बजावणी व्हावी लागते. टपालाच्या पावत्या, पोचेची कार्डे आणि पाठवणाऱ्याचे प्रतिज्ञापत्र कोर्टात दाखल करा. परदेशातून तुम्ही स्वतः कोणतेही प्रतिज्ञापत्र सही कराल तेव्हा 'अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या कायद्यांखाली' हे शब्द इंग्रजीत त्यात हवेतच, मग नोटरी लागत नाही.

दाव्यासोबतच इलेक्ट्रॉनिक दाखल-प्रणाली वापरण्याची परवानगी मागा. नाहीतर सरकारी वकिलाचा अर्ज टपालाने तुमच्या घरी येईपर्यंत उत्तराचे १४ दिवस संपलेले असतात, आणि डीसीत उत्तर न दिलेला अर्ज कोर्ट मान्य झाल्यासारखा धरू शकते.

दप्तरदार

पुढचे मी सांगतो. फोयाच्या दाव्यात खात्याला इतर दाव्यांसारखे ६० नाही, ३० दिवसांत लेखी कैफियत द्यावी लागते. मुदतवाढ मागतातच; पहिलीला विरोध करू नका, बदल्यात पहिल्या हप्त्याची तारीख घ्या. मग दोन्ही बाजूंनी मिळून कोर्टाला अहवाल द्यायचा असतो. त्यात तीन आकडे लिहून घ्या: एकूण पाने किंवा रिळे किती, दरमहा किती तपासणार, पहिला हप्ता कधी. 'लवकरच' हा शब्द अहवालात येऊ देऊ नका.

साक्षीपुरावा, उलटतपासणी असले काही बहुधा होत नाही. खात्याचे प्रतिज्ञापत्र आणि वॉन यादी, म्हणजे कोणते पान कोणत्या अपवादाखाली का रोखले याचा तक्ता (१९७३च्या वॉन खटल्यावरून नाव), एवढ्यावर निकाल लागतो. प्रतिज्ञापत्र वाचताना कोणत्या प्रणालीत, कोणत्या शब्दांनी शोधले तेवढे बघा. मायक्रोफिल्म तपासलीच नसेल तर मुद्दा तिथे आहे. २०१६च्या दुरुस्तीनंतर नुसता अपवाद लागू होणे पुरेसे नाही, उघड केल्याने कोणते हित दुखावेल हेही दाखवावे लागते. शंभर वर्षांपूर्वी जन्मलेल्याच्या नावाने कोणाचे काय दुखावते, हे सांगताना त्यांचीही ओढाताण होते.

एक दाखला. डेटाबेसमधली माहिती मागाल तर 'नवा दस्तऐवज बनवावा लागेल' हे उत्तर येते. जानेवारी २०२३मध्ये सेकंड सर्किट या अपील कोर्टाने, एसीएलयू या नागरी हक्क संघटनेने आयसीई या इमिग्रेशन अंमलबजावणी खात्याविरुद्ध लावलेल्या खटल्यात, ए-नंबरांच्या जागी दुसरे ओळखक्रमांक घालून आकडेवारी द्यावी लागते असा निकाल दिला. खाते स्वतः ज्या किल्लीने माहिती शोधते ती अर्जदाराला पूर्ण नाकारता येत नाही, असा त्यातला विचार. डीसीवर तो बंधनकारक नाही, पण दाखवायला उत्तम.

नाइटिंगेल खटल्याचे नाव ऐकाल. कॅलिफोर्नियाच्या नॉर्दर्न डिस्ट्रिक्टने डिसेंबर २०२०मध्ये ए-फाइलींच्या सवयीच्या दिरंगाईबद्दल यूएससीआयएसला तुंबलेले अर्ज ६० दिवसांत निकाली काढायला सांगितले होते. तो मुख्यतः ए-फाइलींपुरता आहे. तुमच्या सूचीला त्याचा थेट आधार नाही, मसुद्यात त्यावर भार टाकू नका.

मोडीवाचक

खर्चाचे राहिले. फी ४०५ डॉलर, अधिक टपाल. पेसरवर, म्हणजे फेडरल कोर्टांच्या ऑनलाइन दप्तरात, कागद उघडायला पानाला १० सेंट, एका दस्तऐवजाला कमाल ३ डॉलर, आणि तिमाहीत ३० डॉलरपर्यंत झाले तर माफ. जिंकलात किंवा दाव्यामुळे खात्याने आपण होऊन कागद दिले, तर कोर्टखर्च मागता येतो. वकिलाची फी मात्र स्वतः लढणाऱ्या बिगर-वकिलाला मिळत नाही. फी सरकारकडून वसूल होऊ शकते म्हणून काही वकील अशिलाकडून पैसे न घेता अशी प्रकरणे घेतात. मंडळाच्या नावानेच लढायचे असेल तर तसा वकील शोधा.

आणि वंशवेल, रिळांच्या यादीचा छोटा अर्ज आजच टाका. अपील आणि तो, दोन्हींची घड्याळे एकदमच चालू द्या.

वंशवेल

टाकला, वैयक्तिक नावाने. कमाल शुल्क ५० डॉलर लिहिले. अपीलात तिन्ही नावांखाली शोध मागितला आहे आणि स्पेलिंगचे सहा पर्याय दिले आहेत. सी-फाइलचा सूची-शोधही ३० डॉलर भरून लावला.